आणि बंधू

रविवार पेठेत तेव्हा मी अक्षराला दीड रुपया घ्यायचो.
काना-मात्रा फुकट, सावली हवी तर वर चार आणे.
'नसरापूरकर बंधू, वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.'
थोरले श्रीपादराव बोटांवर अक्षरं मोजत होते,
धाकटा निळू शिडी धरून उभा.
'बंधू जरा ठळक काढा,' म्हणाला,
'चौकातून दिसायला हवं.'

अकरा वर्षांनी त्याच शिडीवर मी,
तीच दोन अक्षरं खरवडायला.
खाली दोघं, एकमेकांकडे न बघता.
कशावरून बिनसलं, मला कोण सांगणार?
पेठेत तीन कारणं फिरत होती,
एकात पितळी तराजू होता, दुसऱ्यात दोघांच्या बायका,
तिसरं मी विसरलो.
एवढं पाहिलं, की सरकारी शिक्क्याची वजनं
त्यांनी वाटून घेतली, एक याला, एक त्याला,
आणि पाच किलोचं एकटंच उरलं.
ते बरेच दिवस पायरीवर होतं.
कुणी उचललं नाही.

पत्रा खरवडताना 'बंधू'खाली पिवळा रंग निघाला:
'आणि चिरंजीव'. वडिलांच्या वेळचा.
त्याखाली तांबडा, मोडी लिहिणाऱ्या हाताचं वळण:
'आणि पुतणे'.
त्याखाली नुसता गंज.
मी वरून ओरडलो, 'पुतणे कोण हो तुमच्यात?'
दोघांनी एकदम वर पाहिलं.
हनुवटी तीच, दोन माणसांची.
कुणालाच माहीत नव्हतं.
आडनाव मात्र प्रत्येक थरात तिथल्या तिथे,
न च्या गाठीवर न ची गाठ.
त्यामागे कोण उभं राहायचं, ते बदलत गेलेलं.

निळूने समोरचाच गाळा घेतला.
थोरल्यांनी लिहवून घेतलं, 'आमची कोठेही शाखा नाही.'
दुसऱ्या दिवशी निळू आला,
तेच वाक्य, फक्त एक सूत मोठं.
मी दोन्ही लिहिली. मजुरी रोख.
खाका एकच वापरला, खडूची पूड तीच,
सात अक्षरं रस्त्याच्या अलीकडे, सात पलीकडे.

एकदा सासवडचा एक अडत्या गुळाचा काटा घेऊन
रस्त्याच्या मधोमध उभा राहिला,
'यातले खरे नसरापूरकर कोण?'
चहावाला म्हणाला, 'दोघंही खरे.
खोटा तुमचा काटा आहे, तो द्या कुणालाही.'

हे मी चारचौघांत रंगवून सांगायचो.
घरी नाही.
पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागेत,
मी सही करतो: पेंटर रेणुसे.
खडकीला आणखी एक पेंटर रेणुसे आहे.
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
ब्रश धरायला त्याने शिकवलं, उकाराची शेपटीही त्याचीच,
जाता जाता वर उचललेली.
आमच्यात पाटी नव्हती, त्यामुळे खरवडायला काही नव्हतं.
बोलणं थांबलं, एवढंच.
धंद्यात नाव कोण लिहितो? आडनाव पुरतं.
त्याच्या कामाचे पैसे कधी मला मिळाले,
माझ्या चुकीच्या शिव्या त्याला मिळाल्या असणार.

परवा नाना पेठेत एक जुनी पाटी उतरवत होते.
फ्लेक्स लावायचा होता.
कोपऱ्यात आमचं आडनाव, फिकट, खिळ्यापाशी फुगलेलं.
चष्मा पुसून णु ची शेपटी पाहिली.
माझी की त्याची, सांगता येईना.
भंगारवाला पोरगा म्हणाला, 'काका, तुमची का?'
'आमची,' म्हटलं.
त्याने ती काट्यावर टाकली. सव्वातीन किलो.
पैसे दिले, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली.

घर माझं बिबवेवाडीला.
मी संगम पुलापाशी कसा पोचलो,
ते विचारू नका.